महिन्याला किती लागत होते?

गेल्या हिवाळ्यात सीमाभागातील एका खेड्यातल्या मराठी साहित्य संमेलनात मला बोलायला बोलावले होते. सुगी उरकली की आपल्याकडे गावोगाव अशी संमेलने भरतात. सकाळी ग्रंथदिंडी निघते, शाळेची मुले लेझीम खेळतात, अध्यक्षीय भाषण होते, आणि दुपारची पंगत उठल्यावर, श्रोत्यांचे डोळे जड झालेले असताना, एखाद्या मुख्याध्यापकाला व्यासपीठावर चढवतात. माझा विषय होता 'मराठी साहित्यातील अपंग माणूस'. मी तयारी करून गेलो होतो. एकनाथांपासून आरंभ केला, जयवंत दळवींपाशी आलो, नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनावर जरा अधिक रेंगाळलो. 'जिद्द' हा शब्द मी किती वेळा उच्चारला ते आता आठवत नाही. टाळ्या मात्र त्याच शब्दाला पडल्या, एवढे आठवते.

प्रश्नोत्तरे सुरू झाली तेव्हा मंडपाच्या कडेला, खांबाला कुबड्या टेकवून बसलेला माझा थोरला भाऊ बोलला. आम्ही त्याला दादा म्हणतो. तो चारचौघांत मला नावाने हाक मारत नाही, मास्तर म्हणतो.

"मास्तर, त्या बाईंना महिन्याला किती लागत होतं गा? पुस्तकात आहे काय ते?"

लोक हसले. मीही हसलो आणि वेळ संपल्याचे निमित्त करून खाली उतरलो. खरी गोष्ट अशी की मला उत्तर ठाऊक नव्हते. पुस्तक मी दोनदा वाचले होते, वर्गात त्यावर बोललो होतो, पण ते वाचताना हा प्रश्न मी त्याला कधी विचारलाच नव्हता. पुस्तकात काय आहे आणि काय नाही हा भाग वेगळा. मी काय शोधत होतो हे त्या एका प्रश्नाने उघडे पडले. त्यानंतरच्या आठ-नऊ महिन्यांत मी ही सारी पुस्तके पुन्हा काढली आणि दादाचा प्रश्न समोर ठेवून वाचली. प्रस्तुत लेख त्या वाचनातून आला आहे.

आधी दादाविषयी थोडे सांगितले पाहिजे. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, आज बासष्टीचा. दोन वर्षांचा असताना त्याला पोलिओ झाला. उजवा पाय लोंबता राहिला, डावा अधू. दाखल्यावर ८० टक्के असे लिहिले आहे. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, तेव्हा दादा म्हणाला होता, "आता आमची जात संपली." मॅट्रिकनंतर त्याने शहापुरातल्या एका दुकानात घड्याळदुरुस्ती शिकून घेतली आणि गावच्या स्टँडजवळ एक टेबल टाकले. एचएमटीची घड्याळे हे त्याचे उपजीविकेचे साधन आणि थोडेसे दैवतही. मोबाइल आले, लोकांनी मनगटे मोकळी सोडली, आणि २०१६ साली एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करण्याचा सरकारी निर्णय झाला, तेव्हा टेबलावरचा धंदा सेल घालणे आणि पट्टे बदलणे एवढाच उरला. त्यातून महिन्याला हजार-बाराशे सुटतात, लग्नसराईत पंधराशे. त्यात कर्नाटक सरकारचे मासाशन, दादाच्या पासबुकात पडते ते, चौदाशे. आमच्याकडे या रकमेला कोणी मासाशन म्हणत नाही. "पगार आला काय?" असेच विचारतात.

दादा अविवाहित आहे. गावातल्या जुन्या घराच्या सोप्यात एकटा राहतो. मी शाळेजवळ शहरात. तो माझ्याकडे राहावा असा प्रस्ताव दर दिवाळीला मी ठेवतो आणि तो दर दिवाळीला तो फेटाळतो. तर अडीच हजारांच्या आसपास मिळकत असलेला, एकट्याने आणि माझ्या मते चांगल्या रीतीने जगणारा हा माणूस. तो वाचतो भरपूर. आणि त्याला वाचनात स्वतःचा हिशेब कुठेच भेटत नाही.

आपल्या परंपरेकडे पाहिले तर यात नवल नाही. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगुळ अशी माणसे एकामागून एक येतात. पण ती रूपके आहेत. परमार्थाकडे न पाहणारा तो आंधळा, न ऐकणारा तो बहिरा. नाथांचा हेतू थोर होता यात शंका नाही, आणि भारूड करणारा सोंगाड्या ते सोंग आणतो तेव्हा आजही अंगावर काटा येतो. तरी शरीर हे दुसऱ्याच कशाची खूण म्हणून तिथे वापरलेले असते. लोकपरंपरेतला पांगुळ तर आणखी मजेदार. भल्या पहाटे झाडावर किंवा भिंतीवर चढून दात्याच्या नावाने पुकारा करणारा हा भिक्षेकरी सूर्याचा सारथी अरुण याचा प्रतिनिधी मानला जातो, कारण अरुण पांगळा. म्हणजे धडधाकट माणूस पांगळ्याच्या नावाने झाडावर चढून दान मागतो, आणि खरा पांगळा खाली बसून पाहतो. दादाला हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ हसत होता. पण विनोद सोडला तरी एक गोष्ट पक्की होते: आपल्या भाषेत अपंग माणूस आणि पैसा यांची पहिली गाठ दानापाशी पडली. देणाऱ्याला पुण्य, घेणाऱ्याला पसाभर धान्य. घेणारा त्या धान्याचे पुढे काय करतो, त्यात किती दिवस काढतो, हे परंपरेने विचारले नाही.

यावर कोणी म्हणेल की पैशाचा हिशेब मांडणे हे साहित्याचे कामच नव्हे. मला हे मुळीच मान्य नाही. गरिबीचा हिशेब मराठी साहित्याइतका उत्तम फार थोड्या भाषांनी मांडला असेल. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त नवरा हातातला पैसा कोणालाही देऊन मोकळा होतो आणि घरात संध्याकाळची चूल कशी पेटणार ही पंचाईत बाईंपुढे उभी राहते. ती पंचाईत सांगता सांगता बाई आपल्याला हसवतात. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्या आईचे मोठेपण ज्यातून उभे राहते त्या गोष्टी कोणत्या? कर्ज, सावकाराचा माणूस, विकावी लागलेली चीजवस्तू. १९७८ च्या 'बलुतं'पासून तर भाकरीचा तुकडा कोणाच्या वाट्याला किती आला याचा हिशेब हाच एका मोठ्या वाङ्मयप्रवाहाचा कणा झाला. तेव्हा लाज वाटावी असा हा विषय नाही, आणि आपल्या लेखकांना तो हाताळता येत नाही असेही नाही. मग अपंग पात्र आले की लेखकाच्या हातातली पेन्सिल एकदम का थांबते?

मला वाटते, याचे कारण अपंगत्वाचा खर्च बाहेरून दिसत नाही. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी 'द आयडिया ऑफ जस्टिस' या २००९ च्या ग्रंथात याची सुरेख फोड केली आहे. अपंग माणसाची एक अडचण कमावण्याची; ती सगळ्यांना कळते. दुसरी अडचण कमावलेल्या पैशाचे जगण्यात रूपांतर करण्याची. तेवढाच पैसा हातात असून त्याला इतरांपेक्षा कमी जगणे विकत मिळते. सेन यांचे म्हणणे विद्वत्तेचे आहे, पण ते मला कळले ते मिठाच्या पुडीमुळे. दादाच्या घरापासून किराणा दुकान चाळीस पावलांवर. पावसाळ्यात त्या चाळीस पावलांत चिखल असतो, आणि चिखलात कुबडी रुतते. म्हणून शेजारच्या पोराला पाठवायचे आणि त्याच्या हातावर दोन रुपये ठेवायचे. मीठ दोन रुपयांनी महाग. तेल दोन रुपयांनी महाग. कुबडीच्या टोकाची रबरे तीन-चार महिन्यांत झिजतात. काखेत शर्ट विरतो, बाकीचा कोरा राहतो. बँकेत रिक्षाने जावे लागते, आणि पगाराच्या चौदाशेतले सव्वाशे तो पगार आणण्यातच जातात. चप्पल जोडीनेच घ्यावी लागते, झिजते एकच.

आपला कायदा या बाबतीत आपल्या कथेच्या पुढे आहे, हे मराठीचा शिक्षक म्हणून मला कबूल करावे लागते. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या २४ व्या कलमात म्हटले आहे की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांना मिळणारी रक्कम इतरांसाठीच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असावी. म्हणजे मिठाच्या पुडीवरचे दोन रुपये कायद्याच्या ध्यानात आले. अंमलबजावणीचा भाग निराळा. केंद्र सरकारच्या अपंग निवृत्तिवेतनाचा वाटा २०१२ पासून महिना तीनशे रुपयांवरच उभा आहे, आणि तोही ८० टक्के अपंगत्व व दारिद्र्यरेषा अशा दोन्ही चाळण्यांतून गळून खाली पडणाऱ्यालाच. पण कायद्याने निदान प्रश्न तरी मांडला.

आता पुस्तकांकडे. जयवंत दळवींचे 'नातीगोती' मी प्रथम एका हौशी मंडळाच्या प्रयोगात पाहिले. मध्यमवर्गीय नोकरदार घर आणि त्यातला मतिमंद मुलगा बच्चू. व्यावसायिक रंगभूमीवर अतुल परचुरे यांनी रंगवलेला बच्चू अनेकांच्या लक्षात असेल. हे नाटक मला आजही मोठे वाटते, कारण दळवी आईबापांना देव करत नाहीत. ती थकतात, चिडतात, त्यांच्या मनात नको ते विचार येतात. मराठी रंगभूमीवर अपंग मुलाच्या घरातला थकवा इतक्या खरेपणाने त्याआधी आला नव्हता असे मी म्हणेन. 'आमच्यामागे याचे कसे?' हा प्रश्न सगळ्या नाटकावर छतासारखा पसरलेला आहे. पण नीट पाहा, या प्रश्नाला एक आकडाही आहे. आमच्यामागे याला महिन्याला किती लागतील, ते कोण देईल, कोणाच्या हाती देईल? प्रेक्षागृहातून बाहेर पडणारे आईबाप डोळे पुसत हाच विचार करत असतात. नाटकाचे परीक्षण लिहिणारे मात्र अभिनयावर आणि कारुण्यावर थांबतात. मी स्वतः त्या काळी एका स्थानिक साप्ताहिकात लिहिलेले परीक्षण काढून पाहिले. त्यात 'हृदय हेलावून सोडणारे' हे शब्द तीनदा आले आहेत. आणि दुसरी मर्यादा नाटकाची आहे: बच्चू तिथे खर्चाच्या बाजूला आहे. त्याला काय आवडते, कशात गंमत वाटते, याला नाटकाच्या रचनेत फारशी जागा नाही. त्याच्यामुळे इतरांचे काय होते हे नाटक आहे.

'चाकाची खुर्ची'ने ही जागा बदलली. सोळा-सतराव्या वर्षी कमरेखालचे शरीर निकामी झालेली कोल्हापूरची मुलगी स्वतःच बोलू लागली. पुस्तकाचे नाव पाहा. नावात दुःख नाही, संघर्ष नाही, एक वस्तू आहे, जी विकत घ्यावी लागते, दुरुस्त करावी लागते आणि जी दारातून आत जावी लागते. बाबूकाका दिवाण भेटतात, जे स्वतः चाकाच्या खुर्चीवर आहेत आणि तरी हिंडतात-फिरतात, तेव्हा त्या मुलीला कळते की असेही जगता येते. पुढे केंद्रीय अबकारी खात्यातली नोकरी, १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड'ची स्थापना, वसतिगृह, शाळा, सिंधुदुर्गातली स्वप्ननगरी. आपल्या भागातून कितीतरी मुले कोल्हापूरला गेली आणि उभी राहिली. या कामाविषयी मला नितांत आदर आहे.

तरीही वाचक म्हणून मला एक अडचण या खेपेस जाणवली. नोकरीतून मिळणारा दरमहाचा नियमित पगार या सगळ्या धडपडीच्या पायाशी आहे. तो नसता तर? आणि पुस्तक पुढे सरकते तसे 'मी'चे 'आम्ही' होते, एका खोलीचे घर संस्थेच्या इमारतीत विस्तारते, पैशाची विवंचना देणगीच्या विवंचनेत मिसळते. संस्था उभारणाऱ्या व्यक्तीचे आत्मकथन असेच होणार, तो दोष नव्हे. पण मराठी वाचकाला हा आकृतिबंध इतका गोड लागला की अपंगाच्या आयुष्याची दुसरी गोष्ट त्याला ऐकायलाच नको झाली. दुःख, भेट, जिद्द, संस्था. ज्याने संस्था काढली नाही, जो स्टँडजवळच्या टेबलाशी बसून राहिला, त्याचे काय?

बाबा आमट्यांच्या आनंदवनाभोवती जमलेल्या वाङ्मयातही हीच गोष्ट दिसते. १९४९ साली सुरू झालेल्या त्या कामाने कुष्ठरुग्णाच्या हातातला कटोरा काढून तिथे कुदळ दिली, दानाची ती जुनी गाठ सोडवली. साधनाताईंच्या 'समिधा'त त्या दिवसांचा घरगुती तपशील आहे आणि तो मला बाबांवरच्या सगळ्या गौरवग्रंथांपेक्षा मोलाचा वाटतो. परंतु श्रमाचे हे तत्त्व आनंदवनाबाहेर आमच्यासारख्या भाषणबाज माणसांच्या हाती पडले तेव्हा त्याची फूटपट्टी झाली. जो कमावतो तो स्वाभिमानी. मग ज्याला कमावणे झेपतच नाही, जो पगारावर जगतो, तो कोण? पांगुळाच्या काळी निदान घेणाऱ्याकडे आशीर्वाद देण्याचा अधिकार होता. आता तोही गेला.

इथे माझीच एक गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी शाळेच्या प्रार्थनेनंतर मी दादाचे उदाहरण दिले होते. दोन्ही पायांनी अधू माणूस चाळीस वर्षे कष्टाची भाकरी खातो, कोणापुढे हात पसरत नाही, आणि तुम्ही गृहपाठ करत नाही, वगैरे. हेडमास्तरांच्या तोंडी शोभेल असेच बोललो. आमच्या गावचा एक मुलगा त्या वर्गात होता; संध्याकाळपर्यंत बातमी सोप्यात पोहोचली. रविवारी गेलो तेव्हा दादाने चहा केला, कप पुढे केला आणि म्हणाला, "माझं कौतुक केलंस म्हणे पोरांसमोर. बरं झालं. गेल्या महिन्यात नाडकचेरीत अर्ज द्यायला चल म्हटलो होतो, कन्नडातला फॉर्म होता, तेव्हा तुला सवड नव्हती." मी गप्प बसलो. फॉर्म शेजारच्या कन्नड घरातल्या पोराने भरून दिला होता, आणि तोच त्याला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला होता. पोराला कन्नड वाचता येते, दादाला समजते पण लिहिता येत नाही. दादाने त्याच्या आजोबांचे घड्याळ फुकट चालू करून दिले. हात पसरत नाही हे माझे वाक्य त्यामुळे धड खरेही नव्हते. तो घेत होता आणि देत होता, जसे सगळेच करतात. मला फक्त त्यातले अर्धेच पाहायचे होते.

या फॉर्मावरून आणखी एक मुद्दा, जो पुण्या-मुंबईच्या समीक्षकाला सुचणार नाही. आपण सीमाभागातले वाचक जे मराठी वाचतो ते महाराष्ट्रातून येते. त्यात सरकार म्हणजे मुंबईचे सरकार, निराधार म्हणजे संजय गांधी निराधार योजना. आपल्या खात्यावर मात्र पैसे बंगळूरहून येतात, गोव्यातल्या आपल्या माणसाचे दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून. मराठीत 'अपंग'चे 'दिव्यांग' झाले. आमच्या कागदावर 'विकलचेतन' असते. पहिला शब्द उणीव सांगतो, दुसरा आरती ओवाळतो, तिसऱ्याचा अर्थ मला शब्दकोशात पाहावा लागला. दादा स्वतःला लंगडा म्हणतो, पण दुसऱ्याने म्हटलेले त्याला चालत नाही. तिन्ही सरकारांच्या कागदांमधून एकच माणूस कसा जगतो, कोणत्या भाषेत आजारी पडतो आणि कोणत्या भाषेत अर्ज करतो, हे लिहायला आपल्याशिवाय दुसरे कोण येणार आहे? आपल्या दिवाळी अंकांतून सीमाप्रश्नावर दरवर्षी लिहिले जाते आणि लिहिलेच पाहिजे; पण त्या प्रश्नाला नाडकचेरीच्या पायऱ्याही आहेत, आणि त्या कुबडीने चढाव्या लागतात.

समाधान वाटावे असे नवे काही दिसले का? दिसले. बत्तीस शिराळ्याच्या सोनाली नवांगुळ यांना नवव्या वर्षी बैलगाडीच्या अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाली. काही वर्षे 'हेल्पर्स'मध्ये काम करून त्या तिथून बाहेर पडल्या आणि कोल्हापुरात स्वतंत्र राहू लागल्या. त्यांच्या ललित लेखनातली मला भावलेली गोष्ट म्हणजे तिथे हौस आहे. नीटनेटके कपडे, माणसे, प्रवास, सिनेमा, आपल्या सोयीने लावलेले घर. अपंग माणसाला चांगले दिसावेसे, मजा करावीशी वाटते, हे त्या कोणाची परवानगी न घेता लिहितात. आणि २०२० चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार त्यांना मिळाला तो सल्मा यांच्या तमिळ कादंबरीच्या 'मध्यरात्रीनंतरचे तास' या अनुवादासाठी, म्हणजे निव्वळ भाषेच्या कामासाठी. संस्थेकडून घराकडे, असा हा उलटा प्रवास मराठीला नवा आहे. लेखन-अनुवादावर एकट्या माणसाने घर चालवणे किती कठीण असते हे लिहिणाऱ्यांना सांगायला नको. त्यांनी पुढेमागे त्या घराचा जमाखर्चही लिहावा अशी माझी, आणि माझ्यापेक्षा दादाची, इच्छा आहे.

तोवर माझ्यापुढे एकच असे पुस्तक आहे, आणि ते छापलेले नाही. दादाची हिशेबाची वही. संमेलनानंतर मी ती मागितली. त्याने आढेवेढे न घेता दिली. अकरा वर्षांच्या तीन वह्या. समीक्षक म्हणून सांगतो, मी यंदा वाचलेले ते सर्वांत चांगले मराठी गद्य आहे. 'रबरे २ – ऐंशी.' 'रिक्षा, बँक बंद – साठ वाया.' 'चप्पल – अडीचशे, उजवी माळ्यावर.' ही उजवी चप्पल वहीत दर वर्षी माळ्यावर जाते. मग एका वर्षी नोंद येते: 'चप्पल – सव्वाशे.' मी विचारले, स्वस्त कशी? शेजारच्या गावातल्या एका गृहस्थांचा डावा पाय साखरेच्या आजाराने काढावा लागला. दोघांचे माप आठ नंबर. ते येऊन माळ्यावरच्या सगळ्या उजव्या चपला घेऊन गेले, आणि तेव्हापासून दोघे मिळून एक जोड घेतात. रंग कोणता यावर भांडतात.

प्रत्येक महिन्याच्या पानावर खर्चाची पहिली ओळ 'चैन' अशी आहे. दीडशे रुपये, तांदूळ-डाळीच्याही आधी. त्यात आल्यागेल्याचा चहा, शनिवारचे बांगडे, वाचनालयाची वर्गणी, कुंडीतले एखादे रोप, आणि दिवाळीत एक अंक. रेशनचा तांदूळ मिळतो, २०२३ पासून गृहज्योतीमुळे विजेचे बिल भरावे लागत नाही, म्हणून ही ओळ शंभरावरून दीडशेवर आली. मी पूर्वी यावरून त्याच्याशी वाद घातला होता. हे पैसे औषधाला बाजूला ठेव म्हणालो होतो. तो म्हणाला होता, "औषधाला तू देशील, नाही म्हणणार नाहीस. चैनीला कोण देईल?" त्या वेळी मला ते उधळेपणाचे वाटले होते. आता वही एकसंध वाचल्यावर दिसते की त्या पहिल्या ओळीवर बाकीचे पान उभे आहे. ज्या महिन्यांत ती ओळ कोरी आहे, म्हणजे आईच्या शेवटच्या आजारात चार महिने आणि २०२० च्या टाळेबंदीत पाच महिने, तिथे अक्षरही बिघडलेले आहे.

जमेच्या बाजूला मी स्वतःला शोधले, हे कबूल करतो. दर महिन्याला मी पाचशे रुपये देतो. अकरा वर्षांत एकदाही चुकलेले नाही, आणि याचे मला मनातून थोडे समाधानही होते. वहीत ते आहेत. 'धाकट्याकडून – पाचशे, उसने.' दर पानावर उसने. वर्षाअखेर बेरीज ओढलेली, आणि तीतून वजावट: 'धाकट्याचे घड्याळ, साफसफाई – दोनशे.' 'धाकटीच्या लग्नात आहेर – एक हजार.' अकरा वर्षांची एकूण रक्कम सहासष्ट हजार, वजा जाता अठ्ठावन्न हजार चारशे माझे येणे आहे. मला हे पाहून राग आला आणि मग वाईट वाटले. मी त्याला म्हटले, दादा, हे उसने कसे? मी भाऊ आहे. तो चष्मा पुसत म्हणाला, "मदत म्हणून लिहिलं असतं तर तुला वही दाखवली नसती."

लेख संपादकांकडे धाडण्याआधी सोप्यात बसून त्याला सगळा वाचून दाखवला. त्याने दोनच दुरुस्त्या सांगितल्या. रबरे आता ऐंशीला मिळत नाहीत, नव्वद पडतात. आणि या लेखाचे मानधन मिळणार असेल तर ते कुठल्या खात्यात धरायचे, कारण निम्मा लेख त्याच्या वहीतला आहे. मी सांगितले, मानधन नसते, लेखकाला अंक भेट येतो.

"मग यंदा अंक विकत घ्यायचा राहिला," दादा म्हणाला, आणि पेन्सिल घेऊन ऑक्टोबरच्या पानावर काहीतरी खोडले.